पाटीवरचे नाव राहू द्या, देणगीपत्र वाचा

नंदन नीलेकणी यांनी जून २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. तेव्हा जो वाद पेटला, तो त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या देणगीच्या वेळी जवळपास त्याच शब्दांत पुन्हा पेटतो. एका बाजूला टाळ्या: माजी विद्यार्थी असावा तर असा! दुसऱ्या बाजूला कपाळाला आठ्या: तुपाशी असलेल्यांच्या ताटात आणखी तूप कशाला? आणि उद्या प्राध्यापकही उद्योगपतींच्या नावाने नेमले जाणार असतील, तर सरकारी संस्था सरकारी उरल्या कुठे? त्यातून अध्यासनाचा विषय निघाला, म्हणजे कुणाच्या तरी नावाने कायमचा निधी ठेवून त्याच्या व्याजावर चालवायच्या प्राध्यापकपदाचा, की आवाज आणखी चढतो. इमारतीवर दात्याचे नाव लोकांना चालते. माणसाच्या पदावर ते आले की खटकते.

या वादात दोन्ही बाजू दात्याच्या मनात शिरायला बघतात. एकीला तिथे कृतज्ञता दिसते, दुसरीला कर वाचवण्याचा नि नाव कमावण्याचा हव्यास. शंभर वर्षांनी त्या मनाचे काय उरणार? उरणार ते देणगीपत्र. माझी भूमिका सरळ आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आणि संशोधनाला नीट बांधलेले अध्यासन जितके देते, तितके सभागृह, प्रवेशद्वार किंवा सुवर्णपदक देत नाही, आणि वाईट बांधलेले अध्यासन काहीच देत नाही. ‘नीट’ आणि ‘वाईट’ यांतला फरक दात्याच्या चारित्र्यात नसतो. तो देणगीपत्राच्या चारसहा कलमांत असतो, आणि ती कलमे कुणी वाचत नाही.

अध्यासन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येते, हेही आधी मान्य करायला हवे. विद्यापीठाच्या एखाद्या कोपऱ्यातली खोली, दारावर थोर पुरुषाचे नाव, आत एक टेबल, जयंतीला व्याख्यान, पुण्यतिथीला परिसंवाद, मानधनावरचा समन्वयक. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत अशी अध्यासने वर्षानुवर्षे जाहीर होत आली आहेत. त्यांतल्या अनेकांना पूर्णवेळ प्राध्यापक कधी मिळालाच नाही. त्यामुळे ‘अभियांत्रिकीत अध्यासने हवीत’ असे म्हटल्यावर कुणी हसले तर मी रागावणार नाही. हसण्याचे कारण खरे आहे. पण ती अध्यासने फसली ती नावामुळे नव्हे. निधी तुटपुंजा होता, पद मंजूर नव्हते आणि विद्यार्थी जोडलेलाच नव्हता.

विद्यार्थ्याला अध्यासनातून नेमके काय मिळते, ते प्रयोगशाळेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मी शिकवत होतो तिथल्या स्थापत्य विभागात एक युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन होते, सगळे त्याला यूटीएमच म्हणायचे. तंतुमिश्रित काँक्रीटवर काम करणाऱ्या एका एम.टेक.च्या विद्यार्थिनीचे नमुने अठ्ठावीस दिवसांच्या क्युअरिंगनंतर, म्हणजे ओलाव्यात मुरवल्यानंतर, चाचणीला तयार झाले आणि नेमका यंत्राचा लोड सेल, म्हणजे भार मोजणारा भाग, गेला. आकडा शून्यावर येईना. ही दुरुस्ती काही लाखांची नव्हे. पण विभागाच्या अंदाजपत्रकात ‘यंत्रसामग्री खरेदी’ हे शीर्ष होते, ‘दुरुस्ती’चे संपले होते. संशोधन प्रकल्पाचे पैसे होते, पण ते दुसऱ्या प्रकल्पाचे, त्यामुळे त्यांना हात लावता येत नव्हता. तीन दरपत्रके मागवली, त्यातले एक वेळेत आले नाही, फाइल परत फिरली. मुलगी टेम्पो करून नमुने दुसऱ्या गावातल्या खासगी प्रयोगशाळेत घेऊन गेली, आणि चाचणीचे पैसे तिच्या वडिलांनी भरले. याच्या आदल्याच वर्षी त्याच महाविद्यालयाच्या एका तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त मोठ्या प्रेमाने पैसे जमवून ग्रॅनाइटचे प्रवेशद्वार बांधून दिले होते. दरवाजा देखणा आहे, वादच नाही.

अध्यासन असलेल्या प्राध्यापकाच्या हातात साधारण दोन गोष्टी असतात. पगाराव्यतिरिक्त थोडे मानधन ही पहिली, आणि ती फारशी महत्त्वाची नाही. दुसरी म्हणजे दरवर्षी ठरावीक येणारी, शीर्षाच्या कुंपणात न अडकलेली, त्याच्या सहीने खर्च होणारी रक्कम. तिच्यातून लोड सेल येतो, विद्यार्थ्याचे परिषदेचे भाडे निघते, शिष्यवृत्तीची मुदत संपली तरी प्रबंध लिहायचा राहिलेल्या संशोधकाला सहा महिने सांभाळता येते. मुख्य म्हणजे कुणाही अनुदान समितीला न पटणारी, अजून कच्ची कल्पना तपासून बघता येते. प्रकल्पाचे पैसे तीन वर्षांत संपतात आणि काय सापडणार हे आधी लिहून द्यावे लागते. अध्यासनाचे पैसे वाट पाहू शकतात. संशोधनात वाट पाहण्याची ऐपत ही लहान गोष्ट नव्हे.

आता इतिहास. अध्यासन ही आजकालच्या अब्जाधीशांनी अमेरिकेतून उचलून आणलेली फॅशन आहे, असा एक समज आहे. मुंबईपुरता तरी तो साफ चुकीचा आहे. १८२७ मध्ये माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांचा पुतळा उभारण्यावर भागवले नाही. वर्गणी काढून दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि त्यातून प्राध्यापकपदे निर्माण करायचे ठरवले. एल्फिन्स्टन कॉलेजचा उगम या प्राध्यापकपदांत आहे. आधी पदे आली, कॉलेज मागाहून. त्या ठरावात एक कलम होते: ही पदे ब्रिटनहून आलेल्या गृहस्थांकडे राहावीत, पण एतद्देशीय लोक ती सांभाळायला समर्थ होतील तो सुदिन उजाडेपर्यंतच. १८२७ साली लिहिलेले हे वाक्य आहे. पहिले प्राध्यापक यायला १८३५ उजाडले. त्यांच्यापैकी ऑर्लेबार यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर गणित आणि शास्त्रे शिकवू लागले. पुढे १८५० च्या दशकात त्याच संस्थेत गणित व नैसर्गिक तत्त्वज्ञानाचे पहिले भारतीय प्राध्यापक झाले दादाभाई नौरोजी. वर्गणीदारांचा हेतू गव्हर्नरसाहेबांची मर्जी राखण्याचा होता की ज्ञानप्रसाराचा, यावर हवा तेवढा वाद घाला. मला ते ‘तोपर्यंतच’ महत्त्वाचे वाटते.

याहून कसदार उदाहरण कलकत्त्याचे आहे आणि त्यात आपला एक माणूसही आहे. सर तारकनाथ पालित आणि सर रासबिहारी घोष हे दोघे नावाजलेले वकील. १९१२ ते १४ या काळात दोघांनी मिळून पंचवीस लाखांच्या आसपास संपत्ती कलकत्ता विद्यापीठाला दिली. कुलगुरू आशुतोष मुखर्जी सरकारकडे विज्ञान महाविद्यालयासाठी पैसे मागून थकले होते. या देणग्यांतून ते महाविद्यालय उभे राहिले. पालितांची अट होती की या पदांवर भारतीयच नेमला जाईल. ज्या काळात इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसच्या वरच्या जागा गोऱ्यांसाठी जणू राखीव होत्या, त्या काळात हे कलम म्हणजे राजकीय विधानच होते, आणि एक खासगी माणूस ते आपल्या पैशाच्या जोरावर करू शकत होता. घोषांच्या देणगीत आणखी एक शहाणपण होते. प्रत्येक अध्यासनाला जोडून संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. गुरू एकटा येणार नाही, शिष्य घेऊनच येईल, ही सोय कागदावरच करून ठेवली.

पालित अध्यासनावर भौतिकशास्त्रासाठी निवड झाली चंद्रशेखर व्यंकट रामन यांची. ते तेव्हा सरकारी वित्त सेवेत चांगल्या पगारावर होते. १९१७ मध्ये ते कमी पगार पत्करून विद्यापीठात आले. पण त्याआधी एक अडचण आली. नेमणुकीआधी परदेशात प्रशिक्षण घ्यावे, अशीही एक अट होती, आणि रामन यांनी जायला साफ नकार दिला. मुखर्जींनी ती अट बाजूला सारली. देणगीपत्र पोथीसारखे वाचायचे नसते. कुठले कलम प्राण आहे आणि कुठले पोशाख, हे ओळखणारा माणूस पलीकडे लागतो. रामन परिणामाचा शोध लागला तो विद्यापीठाच्या इमारतीत नव्हे, बहूबाजारातल्या महेंद्रलाल सरकारांनी लोकवर्गणीतून उभारलेल्या संस्थेत, हे इथे नमूद केले पाहिजे. पण सरकारी हिशेबनीसाला पूर्ण दिवस प्रयोगशाळेत घालवण्याची मुभा दिली ती अध्यासनाने.

घोष अध्यासनांपैकी वनस्पतिशास्त्राचे पद मिळाले मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांना. नेमणूक होऊन ते जर्मनीत असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते तिथे स्थानबद्ध झाले. तरीही पद त्यांचेच राहिले. सुटून आल्यावर त्यांनी ते १९४६ पर्यंत सांभाळले आणि निवृत्तीच्याच सुमाराला पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी केली, जी आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. कलकत्त्याच्या एका वकिलाच्या पैशाचे पाणी असे पुण्यापर्यंत झिरपले.

हे सगळे विज्ञानाचे झाले, अभियांत्रिकीचे काय? त्याच विद्यापीठात शिशिरकुमार मित्र आधी खैरा अध्यासनाचे प्राध्यापक होते, १९३५ पासून घोष अध्यासनाचे. त्यांनी एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात ‘वायरलेस’ आणला, आयनावरणाचे, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराचे, संशोधन सुरू केले, आणि त्यातून १९४९ मध्ये रेडिओ फिजिक्स अँड इलेक्ट्रॉनिक्सची स्वतंत्र संस्था उभी राहिली. भौतिकशास्त्राच्या नावाने ठेवलेल्या निधीतून इलेक्ट्रॉनिक्स अभियंते घडवणारा विभाग निघाला, तेही रासबिहारी घोष जाऊन अनेक वर्षे लोटल्यावर. देणगीपत्रात विषय रुंद ठेवला होता म्हणून हे जमले. ‘वाफेच्या इंजिनावरील संशोधनासाठी’ असे लिहून ठेवले असते तर? आज कुणी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ एवढ्याच शब्दांवर पन्नास वर्षांचा निधी बांधत असेल, तर त्याने या प्रश्नावर थोडे थांबावे.

आता विरोधकांचे मुद्दे. ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा काळजाला हात घालणारा आहे: प्राध्यापकाला पगार आहेच, पैसे द्यायचे तर गरीब विद्यार्थ्याला द्या. रघुनाथ माशेलकरांची गोष्ट मराठी घरांत पाठ आहे. गोव्यातल्या माशेलचा, वडील लहानपणी गेलेले, आईने कष्ट करून वाढवलेला मुलगा. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुढे शिकू शकला. ते साठ रुपये नसते तर पुढचे काहीच नसते. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पण गोष्ट तिथे का थांबवायची? शिष्यवृत्तीने हा मुलगा माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्थेच्या दारापर्यंत आला. आत कोण होते? १९६४ मध्ये केंब्रिजहून परत येऊन सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झालेले मनमोहन शर्मा, जे पुढे ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या नामांकित विज्ञानसंस्थेचे फेलो झाले. माशेलकरांनी पीएच.डी. केली ती त्यांच्याकडे. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला दारात आणून सोडते. दाराआड शिकवणारा आणि संशोधन करणारा माणूस नसेल तर त्याच शिष्यवृत्तीवर तो परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरतो. जमशेटजी टाटांनी दोन्ही केले होते. १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी ठेवला, आणि १८९८ पासून मागे लागले ते आज बंगळूरला उभ्या असलेल्या विज्ञान संस्थेच्या. तिच्यासाठी मुंबईतल्या मालमत्ता लावून दिल्या, तीस लाखांच्या. १९०४ मध्ये ते गेले, संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. विद्यार्थी की प्राध्यापक, हा पेच त्यांना पडलेला दिसत नाही. आपल्याला का पडावा?

यूडीसीटीची, म्हणजे आजच्या आयसीटीची, गोष्ट आणखी एका कारणासाठी बघण्यासारखी आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था. आयआयटीसारखा केंद्राच्या तिजोरीचा आधार तिला नव्हता. तिने रसायन उद्योगातल्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभे केले आणि त्यांवर प्राध्यापकपदे, अतिथी व्याख्याने, शिष्यवृत्त्या बसवल्या. तिथले जी. डी. यादव दीर्घकाळ आर. टी. मोदी यांच्या नावाच्या अध्यासनावर होते. ‘अध्यासने म्हणजे आयआयटीवाल्यांचे चोचले’ म्हणणाऱ्यांनी एकदा माटुंग्याला जाऊन यावे. अर्थात रसायन उद्योगात मुंबई-गुजरातचा जो पैसा होता तो जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयाला कुठून मिळणार, हा प्रश्न उरतोच. त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही, अर्धेमुर्धे आहे, ते पुढे येईल.

दुसरा मुद्दा सर्वांत भारी आहे. खासगी पैसा आला की सरकार अंग काढून घेते. आज राज्यातल्या किती विभागांत मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक किती कमी पैशांत खिंड लढवत आहेत, हे आत असलेल्या कुणालाही विचारा. अशा ठिकाणी कुणी पाच कोटींचे अध्यासन दिले, तर वित्त विभागातला एखादा हुशार अधिकारी म्हणणारच, ‘चला, एक जागा भागली.’ ही भीती काल्पनिक आहे असे मी म्हणणार नाही. पण मग त्यावरून देणगी नाकारायची हा निष्कर्ष कसा निघतो? देणगी नाकारल्याने रिकामी जागा भरल्याचे कुणी कुठे पाहिले आहे का? उपाय कागदावर आहे. देणगीपत्रात लिहा की हे अध्यासन मंजूर व भरलेल्या पदाच्या वरचे असेल. विभागातली मंजूर पदे ठरावीक प्रमाणाबाहेर आणि ठरावीक मुदतीबाहेर रिकामी राहिली, तर त्या काळातले व्याज थेट विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना जाईल, संस्थेला मिळणार नाही. मग पद भरून घेण्यासाठी मंत्रालयात खेपा घालायला संस्थाप्रमुखालाच कारण मिळते. आज त्याला ते नाही.

तिसरा मुद्दा: पैसे देणारा बोलावता धनी होतो. होतो, नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने २००८ मध्ये उद्योगपती चार्ल्स कोच यांच्या प्रतिष्ठानाकडून अर्थशास्त्र विभागासाठी पंधरा लाख डॉलर घेतले. प्राध्यापक निवडताना दात्याने नेमलेल्या सल्लागार समितीचे मत चालेल असे करारात होते. २०११ मध्ये ते बाहेर आले तेव्हा विद्यापीठाची शोभा झाली. अभियांत्रिकीत हा धोका कमी नाही, उलट जास्त आहे. सिमेंट कंपनीच्या अध्यासनावरचा माणूस सिमेंटच्या कार्बन उत्सर्जनावर काय लिहील? औषध कंपनीच्या पैशावरचा संशोधक सांडपाण्याचे नमुने कुठून घेईल? पण इथेही बघा, पाप कुठे होते? कलमात होते, आणि ते कलम गुप्त होते. सरकारी प्रकल्पांतही मंत्रालयाला नको असलेले निष्कर्ष लांबणीवर पडतात, खासगी सल्लागारीत तर गोपनीयतेच्या करारावर सही आधी होते आणि काम नंतर. त्या दोन्हींपेक्षा कायमचा निधी स्वतंत्र असू शकतो, कारण पैसे एकदाच दिलेले असतात आणि दात्याला ते परत नेता येत नाहीत. दरवर्षी नूतनीकरण होणारी मदत हाच खरा लगाम. म्हणून हप्त्याहप्त्याने, ‘समाधानकारक प्रगती’ पाहून द्यायच्या अध्यासनाला मी अध्यासन म्हणायलाच तयार नाही.

चौथा मुद्दा आळसाचा. एकदा नाव लागले की माणूस बसून खातो. केंब्रिजचे ल्युकेशियन अध्यासन हेन्री ल्युकस यांच्या १६६३ च्या मृत्युपत्रातून आले. न्यूटन त्यावर बसले, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची झोप उडवणाऱ्या द्रवगतीच्या समीकरणांमधले स्टोक्सही. त्याच अध्यासनावर १८२८ ते १८३९ चार्ल्स बॅबेज होते, आणि त्यांनी तिथे व्याख्याने दिलीच नाहीत. गणकयंत्राच्या आराखड्यांत ते बुडालेले होते. आता यात फसवणूक झाली की गुंतवणूक फळली? बॅबेजच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने बघितले तर फसवणूकच, कारण शिकवण्यासाठी ठेवलेल्या पदावर शिकवणारा नव्हता. थोर माणसांना सवलत देण्याची आपली सवय मला मान्य नाही. पदवीच्या किमान एका वर्गाला शिकवणे आणि दर पाच वर्षांनी बाहेरच्या लोकांकडून परीक्षण, एवढे कलम असावे. ते असते तर बॅबेजने राजीनामा दिला असता किंवा दोन-तीन बरी पोरे तयार केली असती.

आता पैशाकडे येतो, कारण बहुतेक अध्यासने मरतात ती इथे. आपल्याकडे ‘एक कोटीचे अध्यासन’ म्हटले की डोळे विस्फारतात. हिशेब करू. सात टक्क्यांनी वर्षाला सात लाख. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाचे ४ लाख ४४ हजार, घरभाडे वेगळे. उरलेल्यात रसायने, दुरुस्ती, प्रवास. प्राध्यापकाला काय द्यायचे ते तुम्हीच ठरवा. पण याहून मोठा खड्डा पुढे आहे. हीच छात्रवृत्ती २०१० मध्ये १६,००० होती. तेरा वर्षांत दुपटीहून जास्त. सगळे व्याज दरवर्षी खर्चून टाकले तर आजचे अध्यासन १३-१४ वर्षांनी अर्धे राहते आणि तीस वर्षांनी दारावरची पाटी तेवढी उरते. महागाई पाच टक्के धरली, तर सातातले पाच परत मुद्दलात टाकायला हवेत. खर्चाला राहिले दोन लाख. म्हणजे एका संशोधक विद्यार्थ्यासह प्राध्यापकपद खरोखर कायमचे चालवायचे तर आकडा एका कोटीच्या कितीतरी पुढे जातो. हे दात्याला तोंडावर सांगण्याची हिंमत संस्थांना होत नाही. पंचवीस लाख घेऊन फोटो काढला जातो.

दूरदृष्टीचा दाता कसा लिहितो त्याचा नमुना गॉर्डन मॅके. बूट शिवण्याच्या यंत्रांवर पैसा केलेला अमेरिकन उद्योजक. तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट त्याने विकत घेतले, यंत्र सुधारले, यादवी युद्धात सैन्याचे बूट शिवून निघाले, आणि नंतर कारखान्यांना यंत्रे विकण्याऐवजी भाड्याने देऊन जोडामागे रॉयल्टी घेतली. १९०३ मध्ये तो गेला तेव्हा अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञानासाठी संपत्ती हार्वर्डला ठेवून गेला. मृत्युपत्रात त्याने लिहिले होते की या प्राध्यापकांचे पगार पिढ्यान्‌पिढ्या, त्या-त्या पिढीच्या मानाने सढळ ठेवावेत, म्हणजे कर्तबगार माणसांना ही पदे नेहमी हवीशी वाटतील. रॉयल्टीवर जगलेल्या माणसाला रुपया काळाबरोबर झिजतो हे कळत होते. १९१४ मध्ये हार्वर्डने एमआयटीशी हातमिळवणी करून हा पैसा तिथल्या शिक्षणाकडे वळवायचे ठरवले. प्रकरण मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९१७ मध्ये न्यायालयाने सांगितले, नाही चालणार, मृत्युपत्रात असे नाही. दाता चौदा वर्षांपूर्वी गेलेला, आणि त्याचे कलम एका बलाढ्य विद्यापीठाला अडवून उभे. आजही हार्वर्डच्या अभियांत्रिकीतली कित्येक पदे मॅकेच्या नावाची आहेत.

जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयाचे ते अर्धेमुर्धे उत्तर: एल्फिन्स्टन निधी एकट्या शेठजींचा नव्हता, वर्गणीचा होता. प्रत्येक तुकडीने वेगळे प्रवेशद्वार, वेगळा पाणपोईचा कट्टा, वेगळे सुवर्णपदक देण्याऐवजी पाच-सहा तुकड्यांनी एकच निधी दहा वर्षे फुगू द्यावा आणि मग चाळिशीच्या आतल्या, अजून नाव न झालेल्या एका प्राध्यापकाला तो पाच वर्षांसाठी द्यावा. अध्यासन नेहमी आधीच मोठ्या झालेल्यालाच का द्यायचे? मोठ्याला त्याची गरज सगळ्यांत कमी असते. अडचण एवढीच की दहा वर्षे थांबायला तुकड्या तयार नसतात. स्नेहमेळाव्याला फीत कापायला काहीतरी लागते.

आणि थांबायला कायदाही तयार नाही, ही गोष्ट तर वादात कुणाच्याच तोंडी नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक उत्तरदायित्वावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. सार्वजनिक विद्यापीठांतल्या नि आयआयटींतल्या विज्ञान-अभियांत्रिकी संशोधनाला तो पैसा देता येतो. पण २२ जानेवारी २०२१ पासून कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत, कॉर्पसमध्ये, दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जात नाही. हेतू समजण्यासारखा आहे: कंपन्या आपल्याच प्रतिष्ठानांच्या तिजोरीत पैसे टाकून ‘खर्च केला’ म्हणत होत्या. पण चोराला सोडून संन्याशाला सुळी झाली. कंपनी आज महाविद्यालयाला पन्नास लाखांचे यंत्र घेऊन देऊ शकते, ते चालवणाऱ्या माणसासाठी आणि त्याच्या विद्यार्थ्यांसाठी कायमचा निधी ठेवू शकत नाही. मग यंत्र येते, उद्घाटन होते, तीन वर्षांनी देखभालीचा करार संपतो आणि त्यावर प्लास्टिक चढते. स्वतःच्या प्रतिष्ठानाला बंदी कायम ठेवून, सार्वजनिक विद्यापीठ आणि शासकीय वा अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयापुरती या नियमाला सूट मागता येईल, अट एवढीच की देणगीपत्र संपूर्ण, रकमेसह आणि निवड समितीच्या रचनेसह, संस्थेने जाहीर करावे. टाळ्या वाजवणारे आणि आठ्या घालणारे या एका मागणीवर एकत्र येऊ शकतात. पण अजून तरी या नियमाविरुद्ध कुणी ओरडलेले माझ्या कानावर नाही.